कॅलिबरचे कूळ

तोक्योच्या कोतो विभागात, मिनामिसुना भागातल्या उंच इमारतींच्या पायथ्याशी एका तोफेची प्रतिकृती आहे. १८५३ साली अमेरिकी आरमाराच्या पेरीची काळी जहाजे एदोच्या, म्हणजे तेव्हाच्या तोक्योच्या, तोंडाशी येऊन ठेपली आणि चोशू संस्थानाने इथल्या आपल्या वाड्यात तोफा ओतायला घेतल्या. मार्गदर्शन साकुमा शोझान यांचे. तोफविद्येची त्यांची शाळाही याच विभागातल्या फुकागावात भरत असे. १८६४ साली शिमोनोसेकीच्या लढाईत परकी आरमारांनी चोशूच्या तोफा उचलून नेल्या आणि कोतोत ओतलेली एक थेट पॅरिसच्या लष्करी संग्रहालयात जाऊन पोहोचली. तिची ओळख ‘अठरा पौंडी’ अशी दिली जाते. हे अठरा पौंड तोफेचे वजन नव्हे, तिच्या गोळ्याचे. हत्याराला नाव मिळाले ते त्याच्या पोटातल्या ऐवजावरून.

आज अमेरिकेत हौशी माणूस नळी एकाची, दस्ता दुसऱ्याचा, चापाची जोडणी तिसऱ्याची असे सुटे भाग घेऊन घरच्या घरी अर्धस्वयंचलित रायफल जुळवतो. त्याला दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, ‘कॅलिबर कोणते?’ नळीच्या भोकाच्या मापाचा हा शब्द इंग्रजीने फ्रेंचकडून घेतला आणि त्याचे मूळ अरबी ‘कालिब’मध्ये सांगतात. कालिब म्हणजे साचा. त्याच्याही मागे ग्रीक ‘कालापूस’ आहे. लाकूड आणि पाय या दोन शब्दांचा तो जोड. अर्थ, चांभार ज्यावर जोडा चढवतो तो लाकडी ठोकळा. फारसीतला ‘कालबुद’ याच कुळातला मानतात. साचा, सांगाडा, माणसाचा देह असे त्याचे अर्थ पसरले. हिंदी-उर्दूत तो ‘कालबूत’ होऊन पुन्हा चांभाराच्या हाती आला. म्हणजे युद्धखात्याच्या कागदांत मिरवणारा कॅलिबर जन्माने चर्मकाराच्या दुकानातला.

साचा आणि बंदूक यांचा संबंध जपानात फार ठसठशीत दिसतो. १५४३ साली तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज उतरले आणि तिथल्या तरुण सरदाराने त्यांच्याकडून दोन बंदुका विकत घेतल्या. काही काळातच जपानी लोहार तशा बंदुका घडवू लागले. शिसे वितळवून गोळ्या ओतायचा साचा ज्याचा त्याने बाळगायचा. नळी हाताने घडवलेली, तेव्हा एका बंदुकीची गोळी दुसरीला चपखल बसेलच असा भरवसा नसे. ‘स्वतःपुरती जुळवलेली बंदूक’ ही आजची हौस म्हणावी तर त्या काळी दुसऱ्या प्रकारची बंदूकच नव्हती.

या बंदुका जपानी लोक ‘मोम्मे’त मोजत. मोम्मे हे वजन, पावणेचार ग्रॅमचे. दहा मोम्मेची बंदूक म्हणजे साडेसदतीस ग्रॅमची शिशाची गोळी घेणारी. आता आपल्याकडची ‘बारा बोर’ पाहा. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक जिच्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोर. पौंडाचा बारावा हिस्सा सुमारे ३७.८ ग्रॅम भरतो. एदोचा लोहार आणि इंग्रज कारागीर एकमेकांना न विचारता जवळजवळ त्याच नळीपाशी पोहोचले. व्यास दोन्हीकडे साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास. फरक एवढाच की जपानी आकडा वाढला की भोक मोठे होते आणि इंग्रजी आकडा वाढला की बारीक. वीस बोर बारा बोरपेक्षा लहान कशी, हे शेताच्या राखणीसाठी परवाना काढणाऱ्याला पहिल्यांदा समजावून सांगावे लागते ते यामुळेच.

शिशाचे वजन सोडून भोकाचा व्यास मोजायला लागल्यावर आकडे सरळ होतील असे वाटले होते. झाले उलटेच. रायफल या नावातच नळीच्या आत कोरलेल्या पेचदार खाचा आहेत. व्यास खाचेच्या तळापासून धरायचा की दोन खाचांमधल्या उंचवट्यापासून? उंचवट्यापासून मोजले तर ०.३० इंच, म्हणजे ७.६२ मिलिमीटर. खाचेपासून मोजले तर ०.३०८ इंच. म्हणून ‘सात बासष्ट’ आणि ‘तीनशे आठ’ ही दोन नावे जवळपास एकाच काडतुसाला चिकटली आहेत. आपल्या पोलिसांची ‘थ्री नॉट थ्री’ उंचवट्याच्या मापाने ओळखली जाते. तिची गोळी प्रत्यक्षात ०.३११ इंचाची असते. अमेरिकी ‘थर्टी-ऑट-सिक्स’मधला सहा तर माप नव्हेच, १९०६ हे साल आहे. जपानी फौजेची ‘३८ क्रमांकाची’ आरिसाका रायफलही सालावरूनच ओळखली जाई. मेइजी राजवटीचे अडतिसावे वर्ष, म्हणजे १९०५. तिचे कॅलिबर ६.५ मिलिमीटर.

नावांतला असाच एक घोटाळा सुट्या भागांतून जुळवल्या जाणाऱ्या त्या अमेरिकी रायफलींच्या नावातल्या ‘एआर’ या अक्षरांचा. अनेकांना त्यात ‘असॉल्ट रायफल’ दिसते. खरे तर ती आर्मालाइट या कंपनीच्या नावातली अक्षरे आहेत.

बंदुकीच्या आणि तिच्या सुट्या भागांच्या मराठी नावांकडे वळले की वेगळीच वस्ती भेटते. ‘बंदूक’ अरबीतून आली. बुंदुक म्हणजे हेझलनट हे टणक कवचाचे फळ. त्या आकाराच्या गोळीला तेच नाव पडले आणि गोळीचे नाव हत्यारावर चढले. इथेही आधी गोळी, मग बंदूक. ‘तोफ’ तुर्की. ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ पोर्तुगीज, आपल्या पावासारखेच. गंमत अशी की त्याच पोर्तुगिजांकडून जपान्यांनीही पावाचा शब्द घेतला, ‘पान’. बंदुकीला मात्र त्यांनी ‘तेप्पो’ म्हटले, लोखंडी तोफ. मंगोल स्वाऱ्यांच्या वेळी फुटलेल्या दारूगोळ्यांना त्यांनी तेराव्या शतकातच हे नाव दिले होते. हत्यार परके असले तरी त्याला बसवायला घरात शब्द तयार होता.

‘दस्ता’ फारसी ‘दस्त’ म्हणजे हातावरून. मॅगझिनचे मूळ अरबी ‘मखजन’, कोठार. ज्या धातूपासून तो शब्द झाला त्याच धातूपासून आपला ‘खजिना’ झाला. जुन्या वाड्यांत पाण्याच्या साठ्यालाही खजिना म्हणत, तेव्हा गोळ्यांच्या पेटीला तो शब्द परका वाटू नये. ‘चाप’ पाहिला की संस्कृत धनुष्याची आठवण होते आणि धनुष्य ओढणारा हात बंदुकीवर आला असे म्हणायचा मोह होतो. पण ‘चापणे’ म्हणजे दाबणे हे क्रियापद शेजारीच उभे आहे आणि हिंदीत बंदुकीच्या कळीला ‘चाँप’ म्हणतात. दाबण्याचा अर्थ इथे अधिक जवळचा. आघात करणारा ‘घोडा’ मात्र शुद्ध देशी कल्पना. इंग्रजांनी त्याच भागाला कोंबडा म्हटले, तर मुंबईच्या गुंडांनी अख्ख्या पिस्तुलालाच घोडा करून टाकले.

शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशात शस्त्रवर्ग स्वतंत्र आहे आणि फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा खटाटोपही आहे. तरी तोफेने आपले नाव सोडले नाही. उलट तिचा सगळा संसार मराठीत रुजला. तोडा, जामगी, रंजक, बत्ती हे दारू पेटवण्याचे शब्द गेले, पण शत्रूच्या तोफेच्या कानात मेख मारण्याची भाषा बखरींत राहिली. प्रश्नांची सरबत्ती, फुसका बार, ठासून सांगणे हे तर आजच्या विधानसभेतले शब्द. जपानीतही निवडणूक सुरू झाली की ‘अग्नीचे झाकण काढले’ या अर्थाचा वाक्प्रचार वृत्तपत्रांत येतो. ते झाकण तोडेदार बंदुकीच्या रंजकाच्या, म्हणजे पेटवायच्या दारूच्या, वाटीवरचे.

‘अर्धस्वयंचलित’ हा त्या मानाने सरकारी टाकसाळीतला शब्द. यातला अर्धा भाग कोणता, हे तो सांगत नाही. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप नळीत येते; पण दर गोळीला चाप नव्याने ओढावा लागतो. भरणे यंत्राचे, झाडणे माणसाचे. जपानात हा अर्धा वाटाही सहज मिळत नाही. शिकारीची रायफल हवी असेल तर साधारणपणे आधी दहा वर्षे सलग शॉटगन परवान्यावर बाळगलेली असावी लागते.

मराठीत कॅलिबर बंदुकीपेक्षा माणसांनाच अधिक लावला जातो. ‘त्या कॅलिबरचा नेता आज नाही’ असे आपण कौतुकाने म्हणतो. मुळाकडे गेले तर याचा अर्थ होतो, त्या साच्यातला. आणि तोच साचा मराठीतून लावला, ‘साचेबद्ध’ म्हटले, की माणूस दुखावतो. एकाच ठोकळ्यावर चढवलेले हे दोन जोडे. एक मानाचा, दुसरा मारायचा. कोणता कोणाला द्यायचा, हे मात्र आपण अरबी-ग्रीकला न विचारता ठरवले आहे.