पाच गाड्या, दोन दिवस आणि आपल्या तलावांची गोष्ट



रोवणा आटोपला, पोळा झाला, युरियाचा दुसरा हप्ता पडला की आपल्या भंडारा जिल्ह्यात धानवाल्याला आठ-दहा दिवसांची फुरसत मिळते. यंदा त्या फुरसतीत आम्ही आठ जण पाच मोटरसायकली घेऊन दोन दिवस फिरून आलो. आठही जण धानवालेच. त्यातला एक गिरणीही चालवतो, एक जण पोलीस पाटील आहे आणि एक माझा साळा. लाखनीहून साकोली, शिवनीबांध, सानगडी, नवेगावबांध, मग लाखांदूर, पवनी, गोसीखुर्द आणि अड्याळवरून परत, असा फेरा झाला.

निव्वळ हवा खायला गेलो नव्हतो. आमच्या गावच्या तलावाचा विषय ग्रामसभेपुढे आहे. तुडूम बुजलेला, नहराचा एक तुकडा नांगरून बांधीत गेलेला, अर्ध्या पोटात बेशरम वाढलेली. गाळ काढा म्हणणारे आहेत, राहू द्या म्हणणारेही आहेत. पण पाणी कोणाचं, दुरुस्ती कोणी करायची, याचं उत्तर कोणाजवळच धड नाही. म्हणून ठरवलं, की वाटेतला जमेल तो तलाव पारीवर चढून पाहायचा आणि त्या गावच्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचं.

यासाठी मोटरसायकलच बरी. तलावाच्या पारीवर चारचाकी चढत नाही, चढली तर वळत नाही. मोटरसायकल पारीच्या टोकापर्यंत जाते आणि धुऱ्याच्या कडेला उभी राहते. आमच्या लहानपणी गावात एखादी राजदूत असायची, तिचा आवाज आला की कोण आलं ते घरात बसून कळायचं. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि थोड्या तेलात लांब जाणारी गाडी शेतकऱ्याच्या आवाक्यात आली. त्याआधी बैलबंडीवाल्याचं जग म्हणजे आठवडी बाजार, सोयऱ्यांची गावं आणि दिवाळीनंतरची मंडई. मंडईत रात्रभर झाडीपट्टीचं नाटक पाहून पहाटे घरी परतायची सवय आमच्या पिढीला गाडीनेच लावली. आपलाच जिल्हा आपण नीट पाहिला तोही गाडीमुळे.

साकोली सोडून आत वळलो आणि दोन्ही बाजूंना हिरव्या बांध्या लागल्या. धान पोटरीकडे चाललेला, धुऱ्यावर तुरी, मध्येच मोहाचं झाड. शिवनीबांधच्या पारीवर उभं राहिलं की समोर पाणीच पाणी. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा मोठा ग्रंथ १९१६ मध्ये निघाला. त्यात कोहळी समाजाची ओळखच तलाव बांधणारे अशी दिली आहे. शिवनीच्या तलावाचा घेर सात मैलांहून जास्त आणि नवेगावच्या तलावाचं क्षेत्र पाच चौरस मैल, असंही त्यात आहे. ते दोन तलाव बांधले तेव्हा सिमेंट नव्हतं, यंत्र नव्हतं. माती, मुरूम, दगड आणि माणसांच्या डोक्यावरच्या टोपल्या.

कोहळी इकडे कसे आले याची कथा अशी सांगतात. चांद्याचा गोंड राजा काशीयात्रेला गेला, तिथे त्याने या लोकांचं तलावाचं काम पाहिलं आणि त्यांना आपल्या मुलखात आणलं. कथा कथेच्या जागी ठेवू. पण जुन्या लोकांत एक गोष्ट सगळीकडे सारखी ऐकू येते: गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधेल, त्याला त्या पाण्याखालची जमीन सवलतीने मिळे. म्हणजे मेहनत करणाऱ्याचा त्या पाण्यात पहिल्या दिवसापासून स्वार्थ होता. खाली ऊस आणि भारी धान पिकला तरच त्याचं घर चालणार.

आपल्याकडे पाऊस काही कमी पडत नाही, पण धानाला तो वेळेवर हवा असतो. हलका धान हस्ताच्या आत निघून जातो. भारी धान मात्र पोटरीतून निसवताना पाणी मागतो, आणि नेमका तेव्हाच पाऊस पाठ फिरवतो. त्या शेवटच्या एक-दोन पाण्यांसाठी आपल्या पूर्वजांनी हे तलाव बांधले. उन्हाळी धानाला महिनोन् महिने पाणी पाजण्यासाठी ते बांधलेलेच नाहीत. आपल्या भंडारा चिन्नोरला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो उशिरा येणारा सुवासिक धान आहे. तलावाचं शेवटचं पाणी नसतं तर असा धान आपल्या भागात टिकला असता का, याचा विचार करून पाहा.

दुपारी नवेगावबांधला पोचलो. १ मे १९९९ ला आपल्या जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा हा तलाव तिकडे गेला. पण इतिहास एकच आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा बांध घातला असं मानतात. भोवतालच्या डोंगरांना सातबहिणी म्हणतात, आणि कोलू पाटलाला लोकांनी कोलासूर देव करून पारीजवळ बसवलं. आमच्यातला गिरणीवाला म्हणाला, "इंजिनियरचा देव झालेला मी पहिल्यांदा पाहतो." आम्ही हसलो, पण तो बोलला ते खरं होतं. डोंगरांच्या मधली खिंड नेमकी कुठे बुजवली की एवढं पाणी अडेल, हे डोळ्याने ओळखणं सोपं काम नाही.

आता मालगुजारीकडे येऊ. नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी १८५४ मध्ये खालसा केलं आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. त्यानंतरच्या बंदोबस्तात सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराला गावाची मालकी दिली गेली, आणि गावासोबत तलावही त्याच्या नावावर चढले. तिथून त्यांना माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात मामा तलाव हे नाव पडलं. पुष्कळ तरुण पोरांना वाटतं की मालगुजारांनीच सगळे तलाव बांधले. काही बांधले, वाढवलेही. पण कितीतरी तलाव त्यांच्याआधीचे आहेत.

सानगडीच्या पुढे एका गावात पारीवरच्या चिंचेखाली ऐंशी पार केलेले एक आजोबा बसले होते. गाड्या पाहून आधी त्यांना वाटलं आम्ही सरकारी माणसं. शेतकरी आहोत म्हटल्यावर बोलते झाले.

"माझा बाप पाणकर होता जी. घरामागं धान मिळे त्याले. कोणाच्या बांधीत किती पाणी गेला, ते झोपेतून उठवून विचारा, बराबर सांगे."

मी विचारलं, "आता पाणकर कोण आहे, बाबाजी?"

"आता कायचा पाणकर! ज्याचा फावडा, त्याचा पाणी."

पोलीस पाटलाने विचारलं, "मग मालगुजार बरा होता म्हणायचा का?"

आजोबा तडकले. "बरा कायचा? माझ्या आजानं पारीवर टोपल्या वाहिल्या, त्याची मजुरी नाही पाहिली कधी. पयला पाणी मालगुजाराच्या उसाले, मंग आमाले. पण एक होता बापा. तुडूम बिघडला तर त्याचाही ऊस वाळे. म्हून तो चैतातच माणसं लावे."

त्या रात्री सोयऱ्याकडे मुक्काम होता. जेवताना आम्ही याच बोलण्यावर वाद घातला. साळा म्हणे, मालगुजारी होती तेव्हा तलाव तरी जिवंत होते. मी म्हटलं, तलाव जिवंत होते पण बेगारीवर. आणि दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि ३१ मार्च १९५१ पासून गावांसोबत तलावही सरकारजमा झाले. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. मालगुजारी जाणं गरजेचंच होतं, त्याबद्दल मनात शंका नको. पण तिच्यासोबत पाणकर गेला, चैतातली दुरुस्ती गेली, पहिलं पाणी कोणाला आणि शेवटचं कोणाला हा ठराव गेला. जुलूम मोडताना व्यवस्थाही मोडली आणि तिच्या जागी गावाची अशी दुसरी व्यवस्था उभी राहिली नाही. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आले, मोठे राज्याकडे. मासोळीचा ठेका ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थांना मिळू लागला. म्हणजे मासोळीवाल्याला पाणी तलावात राहायला हवं, धानवाल्याला ते बाहेर हवं, आणि दोघांना एका ओट्यावर बसवणारा कोणी नाही. पूर्व विदर्भातल्या हजारो तलावांची कमी-अधिक हीच कहाणी आहे.

दुसऱ्या दिवशी लाखांदूरवरून पवनीला आलो. पवनी लई जुनं गाव आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा जगन्नाथ टेकडीवर बौद्ध स्तूप सापडला. मुचलिंद नागाचं शिल्प आणि त्याखाली ब्राह्मी अक्षरं, असा दगड इथलाच. दोन हजार वर्षांमागे वैनगंगेकाठी एवढं मोठं बांधकाम झालं, त्याअर्थी इथे पोट भरून उरेल इतकं पिकत होतं.

तिथून जवळच गोसीखुर्द. २२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते पायाभरणी झाली. सुरुवातीचा अंदाज ३७२ कोटींचा होता, २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. ३३ दरवाजे आहेत. फाटक उघडलेलं असताना पाहिलं तर माणूस गप्पच होतो. आम्हीही गप्प झालो. मग पोलीस पाटील म्हणाला, याच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली ते लोक पाहायला येत असतील का? मी धरणाच्या विरोधात नाही, नहराचं पाणी ज्यांना मिळालं त्यांची शेती सुधारली हे डोळ्याने दिसतं. फरक एवढाच, की गावतलावात पाण्याखाली गेलेली जमीन आणि पाण्याने पिकलेली जमीन एकाच शिवारातली असते. तोट्याचा आणि फायद्याचा हिशेब एकाच चावडीवर होतो. मोठ्या धरणात बुडणारा एकीकडे आणि भिजणारा दुसरीकडे. धरणाची फाटकं कधी उघडायची हे आपल्या हातात नाही. गावच्या तुडुमाचं ते आपल्या हातात येऊ शकतं.

ते कसं यावं, यासाठी फिरून आल्यावर मी आणि पोलीस पाटील तहसीलमध्ये जाऊन बसलो. विदर्भातल्या गावांसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये दोन कलमं आहेत, ती प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. कलम १६१ म्हणजे निस्तार पत्रक: गावच्या सरकारी जमिनीवर चराई, सरपण यांसारखे गावकऱ्यांचे हक्क काय, ते त्यात लिहिलेले असतात. कलम १६५ म्हणजे वाजिब-उल-अर्ज: ओलिताचा हक्क, वाटेचा हक्क, मासेमारी याबाबत गावची जी रूढी आहे तिची नोंद. सरकारच्या ताब्यातलं पाणी आणि त्याबाहेरचं पाणी यांत कायदा फरक करतो. त्यामुळे आपल्या गावाला काय लागू पडतं ते जाणकाराकडून वाचून घ्यावं. पण नहर कुठून जात होता आणि कोणत्या बांध्या त्यावर भिजत होत्या, हे "आमचा आजा सांगे" म्हणण्यापेक्षा जुन्या नोंदीवर आणि नकाशावर बोट ठेवून बोलता येतं. आम्ही नकलेसाठी अर्ज केला आहे. ज्याने नहर नांगरला तोही आमच्याच भावकीतला आहे, त्याच्याशी भांडण नको, कागद हवा.

गाळाचंही असंच आहे. २०१७ पासून शासनाची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आहे. पण गाळ काढायचा म्हणजे सरसकट खरडायचं नव्हे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर बांधवांसोबत तलावांत जे काम केलं, त्यात बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, कारण देशी मासोळीला तिथे खायला आणि अंडी घालायला जागा लागते. धानवाल्याने मासोळीवाल्याला विचारून गाळाची जागा ठरवली, तर दोघांचं भलं होईल.

आमची ग्रामसभा दिवाळीनंतर आहे. मी तिथे तीनच गोष्टी मांडणार आहे: जुन्या नहराची मोजणी, गावाने नेमलेला आणि धानात मेहनताना घेणारा पाणकर, आणि पाणीवाटपाच्या बैठकीत ढिवर संस्थेचा माणूस. मंजूर होईल का, सांगता येत नाही. नहराचा विषय निघाला की आवाज चढणार, हे नक्की.

तुम्ही या भागातले असाल तर एक काम करा. आपल्या गावच्या तलावाचं नाव, पार कोणी बांधली असं म्हातारे सांगतात, शेवटचा पाणकर कोणत्या घरातला होता आणि तुडूम आज चालू आहे की बंद, एवढं चार ओळींत लिहून पाठवा. कृषी खात्यातले, विद्यापीठातले मित्र हे वाचत असतील तर भारी धानाला शेवटचं पाणी नेमकं किती दिवसांनी द्यावं, तेही सांगावं. हस्त कोरडा गेला तर यंदाच कामी येईल.

राम राम.