नऊ हजारांचा हट्ट

नवी गाडी दिसली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला : "किती देते?" होंडा एस२००० बद्दल कुणी असं विचारलं तर उलट विचारावं लागतं, "किती आरपीएमला?" कारण या गाडीचं सगळं गणित तिथेच आहे. दोन लिटरचं इंजिन, टर्बो वगैरे काही नाही, आणि जपानी आवृत्तीत ताकद २५० पीएस. पण ती मिळते ८३०० आरपीएमला, आणि टॅकोमीटरवरची लाल रेघ थेट ९००० वर. आपल्या रोजच्या पेट्रोल गाड्या साधारण सहा-साडेसहा हजारांपर्यंत जाऊन धापा टाकायला लागतात.

१९९९ ते २००९ ही दहा वर्षं ही दोन सीटची, उघड्या टपाची गाडी बनत होती. भारतात ती अधिकृतपणे कधीच विकली गेली नाही. तरी इंजिनांचं वेड असलेल्या मंडळींना तिचं नाव माहीत असतं, आणि तिच्या खोड्याही. मला मात्र त्या खोड्या वाटत नाहीत, अटी वाटतात. आणि त्या अटी एस२००० च्या जन्माच्या ३५-४० वर्षं आधीच ठरल्या होत्या.

आधी थोडं कॉलेजातलं फिजिक्स. इंजिनाची ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. प्रत्येक दणका मोठा हवा तर इंजिन मोठं करा, किंवा टर्बोने जास्त हवा कोंबा. दोन्ही करायचं नसेल तर एकच रस्ता उरतो : दणका लहानच ठेवा, पण मिनिटाला जास्त वेळा द्या.

होंडाने हा तिसरा रस्ता का धरला? एक कारण म्हणजे मोटारसायकली. १९४८ साली स्थापन झालेली ही कंपनी १९५९ मध्ये आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत उतरली आणि दोनच वर्षांत, १९६१ मध्ये, १२५ आणि २५० सीसी या दोन्ही गटांत पहिले पाचही नंबर घेऊन आली. शर्यतीत सीसीवर मर्यादा, मग वाढवणार काय? आरपीएम! १९६६ ची त्यांची सहा सिलिंडरची आरसी१६६ ही २५० सीसीची मोटारसायकल १८००० आरपीएमच्या आसपास फिरायची.

दुसरं कारण सरकारी होतं. जपानमध्ये गाडीवरचा कर इंजिनाच्या आकारावर ठरतो, आणि त्या काळी सगळ्यात स्वस्त गटाची मर्यादा होती ३६० सीसी. (कराचा नियम गाडीला कसा आकार देतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको. २००६ च्या बजेटात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना अबकारी सवलत मिळाली आणि मग शेपूट कापलेल्या सेडान रस्त्यावर आल्या.) त्यात तिथल्या उद्योग मंत्रालयाने असा कायदा आणायचा घाट घातला की मोजक्या मोठ्या कंपन्यांनीच गाड्या बनवाव्यात, नवीन कुणी यात पडू नये. सोइचिरो होंडा जाम भडकले. कायदा व्हायच्या आत आपण गाडी बनवणारे ठरलो पाहिजे, म्हणून कंपनीने घाई केली. बिल १९६३ मध्ये संसदेत गेलं आणि १९६४ मध्ये बारगळलं. पण तोवर होंडाच्या गाड्या बाजारात आल्या होत्या.

आणि पहिली गाडी कोणती, तर चक्क एक छोटा टेम्पो! ऑगस्ट १९६३ चा टी३६०. माल वाहायच्या या गाडीत ३५४ सीसीचं, दोन कॅमशाफ्टचं, चार सिलिंडरचं इंजिन होतं आणि ते ३० पीएस द्यायचं ८५०० आरपीएमला. भाजीच्या पेट्या न्यायला शर्यतीच्या जातीचं इंजिन. आता हसू येतं, पण मोटारसायकलवाल्यांना इंजिन बनवायची हीच पद्धत ठाऊक होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एस५०० ही स्पोर्ट्स कार आली : ५३१ सीसी, ४४ पीएस, ८००० आरपीएम. पुढे एस६०० आणि एस८००. १९७० मध्ये ही मालिका थांबली.

मधे बरीच वर्षं गेली. १९८९ मध्ये इंटेग्रात व्हीटेक आलं. त्याआधीची अडचण अशी की वरच्या आरपीएमला छान चालणारा कॅम खालच्या आरपीएमला ट्रॅफिकमध्ये रडकुंडीला आणतो. व्हीटेकने एकाच शाफ्टवर दोन स्वभाव बसवले. खाली सौम्य कॅम, आणि वर गेलं की ऑइलच्या दाबाने एक पिन सरकते आणि आडदांड कॅम ताबा घेतो. सॉफ्टवेअरच्या भाषेत, गाडी चालू असताना अल्गोरिदम बदलायचा. १६०० सीसीतून १६० पीएस आले, म्हणजे लिटरला १००. एस२००० मध्ये हा आकडा १२५ पर्यंत गेला.

आता त्या 'खोड्या' बघू.

पहिली : सहा हजारांच्या खाली ही गाडी एखाद्या साध्या गाडीसारखी वागते. ओव्हरटेक करायचा तर एक नाही, दोन गिअर खाली यावं लागतं. सहाव्या गिअरमध्ये ताशी १०० ला सुद्धा इंजिन तीन हजारांच्या वर गुणगुणत असतं.

दुसरी : सकाळी चावी फिरवली, लाल बटण दाबलं आणि लगेच उडवली, असं चालत नाही. इंजिन गरम होईपर्यंत वरचा कॅम लागतच नाही. डिपस्टिकही नेमाने बघावी लागते, कारण वर फिरणारं इंजिन ऑइल पितं, आणि ती पिन सरकते ऑइलवरच.

तिसरी सगळ्यात महागाची. ९००० आरपीएमला प्रत्येक पिस्टन सेकंदाला १५० वेळा वर-खाली करतो. ८४ मिमीच्या स्ट्रोकचा हिशेब केला तर सरासरी वेग येतो सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किमी, तेही सेकंदाला ३०० वेळा थांबून! पुढे जाऊ नये म्हणून लिमिटर इंधन तोडतो. पण समजा तिसऱ्यात ८५०० वर आहात आणि चौथ्याऐवजी दुसरा पडला. मग इंजिनाला चाकं फिरवतात, आणि गिअरच्या हिशेबाने आकडा जातो साडेअकरा हजारांच्या पुढे. तिथे लिमिटर काहीच करू शकत नाही. तिथून पुढे व्हॉल्व्ह आणि तुमचं नशीब.

चौथी : सुरुवातीच्या गाड्यांचं बूड पावसात फार पटकन सुटायचं, आणि सावरून घेणारं इलेक्ट्रॉनिक्स तेव्हा त्यात नव्हतं.

लोकांनी तक्रारी केल्या, कंपनीने ऐकलं. २००४ मध्ये अमेरिकेसाठी स्ट्रोक वाढवून २.२ लिटरचं इंजिन आलं. टॉर्क वाढला, लाल रेघ ८००० वर उतरली, सस्पेन्शनही समजूतदार झालं. २००५ च्या अखेरीस जपानमध्येही हेच इंजिन आलं. शहाणपणाचाच निर्णय. ताकद जवळपास तेवढीच, चालवायला सोपी. तरी जुन्या ९००० वाल्या गाडीवर जीव टाकणारे आजही भेटतात. त्यांना सोपी गाडी नकोच होती.

आपल्याकडे याची छोटी चव मिळाली होती ती २००० साली आलेल्या सिटी १.५ व्हीटेकमध्ये. १०६ बीएचपी. माझ्या मामाकडे ती होती. मी चालवायला शिकलो तोवर म्हातारी झाली होती, पण मामांची एक ताकीद असायची, "आधी गरम होऊ दे, मग पळव." घाटात ते गिअर खाली टाकून इंजिन वर नेत, तेव्हा गप्पा मारणारे मामा एकदम गप्प होत. सगळं लक्ष कानात. २००३ मध्ये नवी सिटी ७७ बीएचपीची आली, मायलेज छान, आणि मामांनी ती बघितलीसुद्धा नाही.

आज टर्बो गाडी दोन हजारांतच ओढते, इलेक्ट्रिक तर शून्यापासून. एस२००० ला मागे टाकणाऱ्या इलेक्ट्रिक फॅमिली गाड्या आहेत, त्यात खोटं काही नाही. पण त्या चालवणाऱ्याकडून काहीच मागत नाहीत. थांब, ऐक, मोज, मग दाब, हे शिकवणारं इंजिन करांच्या तक्त्यातून, एका अर्धवट कायद्यातून आणि एका माणसाच्या रागातून जन्मलं. ते पुन्हा कुणी बनवेल असं वाटत नाही, कारण आता तशी गरजच उरलेली नाही. निदान ज्यांच्याकडे आहे त्यांनी ऑइल बघत राहावं.