पिक्सेल, फावडं आणि श्रेयनामावली

२६ जून २०१४ ला 'शॉवेल नाइट' नावाचा एक व्हिडिओ गेम बाजारात आला. तलवारीऐवजी फावडं घेऊन हिंडणारा एक बुटका निळा सरदार, मोठाले चौकोनी पिक्सेल आणि ते टिपिकल टुंग-टुंग संगीत. डावीकडून उजवीकडे पळायचं, उड्या मारायच्या, समोर येईल त्याला फावड्याने हाणायचं, खड्ड्यात पडलात की मेलात. ज्याने नुसता स्क्रीनशॉट बघितला तो छातीठोकपणे सांगेल की हा १९८८ चा गेम आहे.

आता असे 'रेट्रो' गेम पैशाला पासरी झालेत. पिक्सेल मोठे काढले की झालं रेट्रो, असा एक समज आहे. गेम किती भारी आहे हे सांगायला मी आज बसलेलो नाही (भारी आहेच!). मुद्दा वेगळा आहे. जुन्याचं अनुकरण करायचं म्हटलं की एक प्रश्न सोडवावाच लागतो: जुन्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं? हा प्रश्न इतिहास लिहिणाऱ्याला पडतो, आणि दहा वर्षांपूर्वीचा लेगसी कोड गळ्यात पडलेल्या आपल्यासारख्यांनाही पडतो. शॉवेल नाइटवाल्यांनी तो फार विचार करून सोडवला, म्हणून हा प्रपंच.

तर आधी यंत्राकडे बघू. निन्टेंडोचा फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आला, आणि १९८५ पासून अमेरिकेत 'एनईएस' या नावाने विकला गेला. प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा. कामाची रॅम २ किलोबाइट. हो, किलोबाइट! तुम्ही वाचताय तो लेखसुद्धा त्यात मावणार नाही. पडदा २५६ बाय २४० पिक्सेलचा. त्यावर हलणारी चित्रं, म्हणजे स्प्राइट्स, एका वेळी फक्त ६४, आणि एक स्प्राइट म्हणजे ८ बाय ८ किंवा ८ बाय १६ पिक्सेलचा तुकडा. एका स्प्राइटला स्वतःचे तीनच रंग. आणि हे तीन रंग निवडायचे कुठून, तर यंत्रात असलेल्या जेमतेम पन्नास-चोपन्न रंगांतून.

या अडचणीतून लोकांनी काय काय काढलं बघा. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा अख्खा गेम ४० किलोबाइटचा आहे. आपण फोनवर काढलेला एक साधा फोटो त्याच्या पन्नास-शंभर पट असतो. त्यातला ढग आणि त्यातलं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त एकाला पांढरा रंग आणि दुसऱ्याला हिरवा. लाखो पोरांनी वर्षानुवर्षं ते बघितलं आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. १९८७ च्या 'मेगा मॅन'मध्ये हिरोच्या निळ्या अंगातच तीन रंग खर्च झाले, मग चेहऱ्याला रंग आणायचे कुठून? तर चेहऱ्यासाठी वेगळा स्प्राइट करून तो अंगावर चिकटवला. म्हणजे आपल्याला जो एक हिरो दिसतो तो प्रत्यक्षात ठिगळं जोडून केलेला आहे.

अजून एक गंमत. या यंत्राला एका आडव्या रेषेवर आठच स्प्राइट दाखवता यायचे. नववा आला की तो गायब. शत्रूच गायब झाला तर खेळणाऱ्याने मरायचं कोणाच्या हातून? मग प्रोग्रॅमर लोकांनी दर फ्रेमला स्प्राइट्सचा क्रम बदलायला सुरुवात केली. म्हणजे या फ्रेमला हा गायब, पुढच्या फ्रेमला तो. सेकंदाला साठ फ्रेम असल्यामुळे कोणीच पूर्ण नाहीसा होत नाही, सगळे फक्त लुकलुकतात. सरळ सरळ आळीपाळीचं लोडशेडिंग हो! एकाच भागाला कायम अंधारात ठेवण्यापेक्षा सगळ्यांनी थोडं थोडं सोसायचं. जुन्या गेममध्ये गर्दी झाली की पात्रं लुकलुकायची, त्यामागे बऱ्याचदा कोणीतरी रात्र जागून केलेली ही तडजोड असायची.

आता येऊ फावडेवाल्यांकडे. 'यॉट क्लब गेम्स' ही कॅलिफोर्नियातली छोटीशी कंपनी. 'वेफॉरवर्ड' नावाच्या स्टुडिओतून बाहेर पडलेल्या शॉन वेलास्को आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती काढली. मार्च २०१३ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे ७५ हजार डॉलर मागितले. महिन्याभरात ३ लाख ११ हजारांच्या वर जमले. आणि गेम आला त्याच महिन्यात त्यांच्यातल्या डेव्हिड डी'अँजेलो या प्रोग्रॅमरने एक लेख लिहिला. आपण एनईएसचे कुठले नियम पाळले आणि कुठले मोडले, याचा प्रामाणिक हिशोब त्यात आहे. कुठल्याही इंजिनियरने वाचावा असा आहे.

रंग त्यांनी जुन्याच यंत्राचे घेतले, पण जिथे फारच अडलं तिथे मोजके नवे रंग घातले. पात्रं थोड्या रंगांतच ठेवली. पडदा मात्र आजच्या रुंद टीव्हीसाठी ताणला. लुकलुकणं पूर्ण काढून टाकलं. आवाजासाठी तर मजाच केली. मूळ एनईएसच्या आवाजात त्यांनी कोनामीच्या एका जादा साउंड चिपची भर घातली. ही चिप १९८९ च्या जपानी 'कॅसलव्हेनिया ३' च्या कार्ट्रिजमध्ये होती आणि अमेरिकेतल्या एनईएसला ती वापरताच यायची नाही. म्हणजे ज्या अमेरिकन पोरांच्या आठवणींवर हा गेम उभा आहे, त्यांनी हा आवाज त्या काळी आपल्या टीव्हीवर ऐकलेलाच नव्हता!

खेळण्याच्या पद्धतीतही तेच. फावडं खाली रोखून शत्रूच्या डोक्यावर उसळ्या मारत जायचं, हे १९८९ च्या 'डकटेल्स' गेममधून घेतलं, जिथे अंकल स्क्रूज काठीवर उड्या मारायचा (हो, दूरदर्शनवरचे आपले तेच अंकल स्क्रूज). पण ठराविक वेळा मेलात की 'गेम ओव्हर', पुन्हा पहिल्यापासून सुरू करा, हा जुना जाच त्यांनी टाकून दिला. त्याऐवजी मेलात की तुमचे थोडे पैसे तिथेच हवेत तरंगत राहतात, हिंमत असेल तर परत येऊन घ्या. नियम ठेवताना त्यांनी तो मुळात कशासाठी होता हे बघितलं, आणि खेळणाऱ्याला त्याचा नुसता त्रास असेल तर काढून टाकला. लुकलुकणं ही गरजेपोटी आलेली तडजोड होती, त्यामुळे गरज संपल्यावर ती गेली. कमी रंगांमुळे मात्र चित्रं ठसठशीत व्हायची, म्हणून ती मर्यादा राहिली.

इथपर्यंत यंत्राच्या मर्यादा झाल्या. पण त्या काळात अजून एक मर्यादा होती, आणि तिचा चिपशी काही संबंध नव्हता.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी अटारी कंपनी गेम करणाऱ्याचं नाव कुठेच छापत नसे. गेम कंपनीचा, बस. वॉरन रॉबिनेट नावाच्या प्रोग्रॅमरने 'अ‍ॅडव्हेंचर' हा ४ किलोबाइटचा गेम एकट्याने लिहिला, आणि कंपनीला न सांगता त्यात एक गुप्त खोली ठेवली. तिथे पोचायचं तर आधी एक ठिपका शोधायचा. एकच पिक्सेल, तोही मागच्या भिंतीच्या रंगाचा. तो उचलून योग्य जागी नेला की खोली उघडते आणि पडद्यावर त्याचं नाव झळकतं. गेम विक्रीला आला तोवर हा बाबा नोकरी सोडून गेलेला होता. एका पंधरा वर्षांच्या मुलाने ती खोली शोधून कंपनीला पत्र लिहिलं, तेव्हा साहेबांना कळलं. स्वतःच्या कामावर स्वतःचं नाव टाकायला माणसाला एका पिक्सेलमागे लपावं लागलं.

१९७९ मध्ये अटारीतल्याच चार प्रोग्रॅमरनी बाहेर पडून 'अ‍ॅक्टिव्हिजन' काढली, त्यात श्रेय न मिळण्याचा राग हे एक मोठं कारण होतं. त्यांनी खोक्यावर डिझायनरचं नाव छापायला सुरुवात केली. १९८२ चा 'पिटफॉल', ज्यात माणूस जंगलात पळतो आणि वेलींना लोंबकळून खड्डे ओलांडतो, तो डेव्हिड क्रेनचा आहे हे तेव्हाच्या पोरांनाही माहीत होतं.

जपानमध्ये मात्र बराच काळ टोपणनावंच चालली. दुसऱ्या कंपनीने माणसं पळवू नयेत म्हणून कॅपकॉमसारख्या कंपन्या श्रेयनामावलीत खरी नावं देत नसत. मेगा मॅनचं संगीत, जे आजही लोक गिटारवर वाजवून यूट्यूबवर टाकतात, ते केलं मानामी मात्सुमाए या नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलीने. आणि गेमच्या शेवटी नाव काय येतं? 'चांचाकोरिन मानामी'. कोण ही चांचाकोरिन? कोणाला पत्ता नाही.

आणि आपण तरी कोणते शहाणे? माझ्या वयाच्या पोरांनी हे गेम बघितले ते बहुतेक नकली कन्सोलवर, '९९९९ इन १' लिहिलेल्या पिवळ्या कार्ट्रिजमधून. त्यातले गेम खरे वीस-पंचवीसच, बाकी तेच तेच फिरून. या कार्ट्रिजमधल्या कित्येक गेम्सच्या पहिल्या पडद्यावरून कंपनीचं नाव आणि सालसुद्धा खरवडून काढलेलं असायचं. म्हणजे माणसांची नावं कंपनीने पुसली आणि कंपनीचं नाव चोराने पुसलं! आमच्यापर्यंत पोचला तो नुसता मारिओ. तो कोणी केला हा प्रश्न कधी पडलाच नाही, जणू काही ते गेम टीव्हीच्या मागच्या वायरींतून आपोआप उगवत होते.

शॉवेल नाइटचं संगीत जेक कॉफमनचं आहे, पण त्यातल्या दोन रचना खास पाहुणीच्या आहेत. श्रेयनामावलीत नाव स्वच्छ लिहिलंय: मानामी मात्सुमाए. मेगा मॅननंतर सत्तावीस वर्षांनी. गेमभर जुन्या मर्यादा हौसेने मिरवणाऱ्या या लोकांनी ही एक मर्यादा मात्र बरोबर ओळखून मोडली. मला तरी हा सगळ्या गेममधला सगळ्यात चांगला इंजिनियरिंगचा निर्णय वाटतो.

म्हणून हे लोक संत होते असं नाही. किकस्टार्टरचे पैसे गेम पूर्ण व्हायच्या आतच संपले आणि शेवटचे काही महिने टीमने बिनपगारी काढले. वर पैसे जास्त जमल्याच्या भरात त्यांनी गेमचे अजून भाग देण्याचं कबूल करून टाकलं होतं. ते भाग २०१५ आणि २०१७ मध्ये आले, आणि शेवटचे डिसेंबर २०१९ मध्ये. म्हणजे एका महिन्याच्या उत्साहातली आश्वासनं फेडायला साडेसहा वर्षं! स्कोप क्रीप कशाला म्हणतात हे आपल्याला कोणी शिकवायला नको :) गेम विकला गेला म्हणून आज ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. विकला नसता तर तीच धोक्याची गोष्ट म्हणून सांगितली असती. जुन्या काळातली ही एक गोष्ट, म्हणजे प्रेमापोटी माणसाने फुकट राबणं, अजून कोणाला काढून टाकता आलेली नाही.

आपल्या धंद्यात बहुतेकांचं काम असंच असतं. कोड कुठेतरी चालत राहतो, नाव कंपनीचं. कमिट हिस्टरीत आपलं नाव असतं खरं, पण एखाद्या मायग्रेशनमध्ये तेही उडतं. आपल्या कुठल्या तडजोडीला पुढे 'स्टाइल' म्हणतील आणि कुठलीला शिव्या घालतील, काही सांगता येत नाही.

असो. एवढंच करा, पुढच्या वेळी गेम संपल्यावर नावं सरकायला लागली की लगेच स्किप दाबू नका. तिथपर्यंत पोचायला त्या नावांना पस्तीस-चाळीस वर्षं लागलीयेत.