शंकू-साखळीची मोजणी

इंग्रजीत ‘क्रॉस-स्टाफ’ या एकाच नावाने दोन निरनिराळी उपकरणे ओळखली जात. दर्यावर्दींचा क्रॉस-स्टाफ म्हणजे लांब दांड्यावर सरकणारी आडवी पट्टी. तिच्या साहाय्याने सूर्याची वा ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची मापीत. भूमापकाचा क्रॉस-स्टाफ याहून पुष्कळ साधा होता: जमिनीत रोवायच्या काठीच्या माथ्यावर परस्परांना काटकोनात छेदणाऱ्या दोन फटी, एवढेच त्याचे सर्वस्व. मुंबई इलाख्याच्या जमाबंदीत हे दुसरे उपकरण साखळीच्या जोडीने वावरले आणि मराठी मोजणीदारांच्या तोंडी ती पद्धत ‘शंकू-साखळी’ म्हणून रूढ झाली.

जमीन मापण्याची विद्या महाराष्ट्रास अपरिचित होती असे नव्हे. सभासदाच्या बखरीत पाच हात पाच मुठींच्या काठीचा, वीस काठ्यांच्या औरसचौरस बिघ्याचा आणि एकशेवीस बिघ्यांच्या चावराचा उल्लेख आहे. परंतु ओढ्याच्या वळणाने, चढउताराने आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटण्यांनी ज्याचे कोपरे वेडेवाकडे झाले आहेत, असे शेत लांबीरुंदीच्या हिशेबात बसविताना अंदाजास वाव राही. आणि जेथे अंदाज आला तेथे वशिल्यासही वाट मिळे. कंपनी सरकारच्या अमदानीत प्रिंगलने पुणे प्रांती केलेली मोजणी सदोष ठरली, तीवर बसविलेला धारा रयतेस झेपेना, आणि जमिनी पडीक पडू लागल्या. तेव्हा 1835 साली मुलकी खात्यातील गोल्डस्मिड आणि इंजिनिअर विंगेट यांनी इंदापूर तालुक्याचे काम नव्याने हाती घेतले. त्यातूनच तीस वर्षांच्या मुदतीची, सर्व्हे नंबरावर आधारलेली रयतवारी जमाबंदी उभी राहिली.

या जमाबंदीच्या मोजणीतील युक्ती पाहण्याजोगी आहे. शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक लांब रेषा धरून तीवर साखळी पसरीत. मोजणीदार त्या रेषेवर शंकू रोवी, एका फटीतून पलीकडच्या टोकाचे निशाण नेमके दिसते अशी खात्री करून घेई, आणि मग काठीस धक्का न लावता दुसऱ्या फटीतून बांधाचा कोपरा शोधी. कोपरा फटीत न सापडल्यास शंकू उपटून रेषेवरच थोडा मागेपुढे रोवायचा. सापडला की तेथे साखळीवरचा आकडा वाचायचा, आणि तेथून कोपऱ्यापर्यंतचे लंबांतर मापायचे. अशा रीतीने कितीही वाकडे शेत काटकोन त्रिकोणांत आणि समलंब चौकोनांत विभागले जाई.

साखळी 33 फुटांची आणि तिचे आणे सोळा. एका साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, असे कोष्टक असल्याने, सहा साखळ्या पाया आणि दोन साखळ्या लंब असलेल्या त्रिकोणाचे क्षेत्र थेट सहा गुंठे निघे. फुटांचे एकर करण्याची यातायात उरत नसे. ही सर्व अंतरे ज्या हातकच्च्या आकृतीवर टिपली जात, तिचे नाव टिपण. ती प्रमाणात काढलेली नसे, पण तीवरील आकडे प्रमाण मानले जात, आणि जुन्या टिपणांवर ते मोडीत आढळतात.

याच सुमारास दक्षिणोत्तर हिंदुस्थान व्यापणाऱ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात जे थिओडोलाइट वापरले गेले, त्यांतील मोठे यंत्र अर्ध्या टनाचे होते. त्याच्या तुलनेत शंकू अगदीच सामान्य वाटतो. परंतु हिमशिखरांची उंची ठरविणे निराळे, आणि हजारो गावांतील लक्षावधी शेते तुटपुंज्या शिक्षणाच्या नोकरवर्गाकडून मोजवून घेणे निराळे. या दुसऱ्या कामास असे साधन हवे होते, जे थोडक्या काळात शिकता येईल आणि ज्याचे माप वरिष्ठ अंमलदारास तेच साधन घेऊन त्याच बांधावर पुन्हा घेता येईल. प्रिंगलच्या मोजणीचे अपयश लक्षात घेता, ही फेरतपासणीची सोय काटकोनाच्या अचूकतेइतकीच मोलाची होती. म्हणूनच आज उपग्रहांच्या साहाय्याने हद्दी कायम करणारा भूमापकसुद्धा, बांधाचा तंटा उपस्थित झाला की, भूमी अभिलेखाच्या दप्तरातून ते जुने टिपण मागवितो आणि आपली आकृती त्याशी पडताळून पाहतो.