‘द टिकेट-ऑफ-लीव्ह मॅन’
टॉम टेलर यांचा हा मेलोड्रामा, म्हणजे सुष्ट-दुष्टांच्या ठळक संघर्षावर उभे असलेले भावनोत्कट नाटक, १८६३ मध्ये लंडनच्या ऑलिम्पिक थिएटरात प्रथम रंगभूमीवर आला. शीर्षकातील ‘टिकेट’ म्हणजे शिक्षेची मुदत संपण्यापूर्वीच कैद्याला ठरावीक अटींवर बाहेर राहून रोजगार करू देणारा परवाना. ही पद्धत मुळात ऑस्ट्रेलियातील कैदी-वसाहतींत रुजली होती. त्यामुळे अमेरिकन नट जोसेफ जेफरसन यांनी टास्मानियातील होबार्ट येथे बॉब ब्रायर्लीची, म्हणजे नकळत खोटी नोट खपवल्याबद्दल शिक्षा भोगलेल्या आणि पूर्वायुष्य उघड होताच नोकरी गमावणाऱ्या तरुणाची, भूमिका केली, तेव्हा त्यांच्या आत्मचरित्रानुसार प्रेक्षकांत असे शंभरेक परवानाधारक बसलेले होते. लंडनकरांना केवळ करुण वाटणारी ही कथा त्यांच्या लेखी स्वतःच्याच आयुष्याची कैफियत होती.