बंदूक खाली ठेवली, सफारी तशीच राहिली



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी आम्हाला विचारलं, की जंगलात जाऊन जनावरांचे फोटो काढणं हा हौसेचा मामला, त्याचा इतिहास तो काय सांगणार? प्रश्न रास्त आहे. म्हणून सुरुवात आपल्या घराजवळच्या एका घटनेपासून करतो.

३१ डिसेंबर २०२४. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य, म्हणजे नागपूरहून तास-दीड तासाची वाट. एफ-२ या नावाने ओळखली जाणारी वाघीण पाच बछड्यांना घेऊन जंगलातल्या रस्त्यावर आली होती. दोन्ही बाजूंनी पर्यटकांच्या जिप्सी येऊन थांबल्या आणि मायलेकरं मध्ये अडकली. त्याची चित्रफीत बघता बघता सगळीकडे फिरली. चालक आणि गाइडांवर कारवाई झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

यात एक गोष्ट बघा. वाघीण अडवली गेली ती फोटोसाठी. आणि तो प्रकार बाहेर आला तोही कॅमेऱ्यामुळेच. आपण ऐकत आलो आहोत की पूर्वी लोक जंगलात बंदूक घेऊन जात, आता कॅमेरा घेऊन जातात, म्हणजे माणूस सुधारला. हे खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं काय आहे, ते आज बघू.

आधी 'सफारी' हा शब्द घेऊ. तो आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला, अर्थ साधा, प्रवास. स्वाहिलीत तो आला अरबीतून. आणि त्याच अरबी शब्दापासून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आली ती 'सफर'. म्हणजे सफर आणि सफारी सख्ख्या बहिणी. पण आपली सफर कुठलीही असू शकते. सफारी म्हटलं की मात्र जनावर आलंच, कारण पूर्व आफ्रिकेत गोऱ्या शिकाऱ्यांनी त्या शब्दाला तो अर्थ चिकटवला. तंबू, हमाल, वाटाडे, स्वयंपाकी असा सगळा लवाजमा आणि शेवटी भिंतीवर लावायला शिंगं किंवा कातडं.

कॅमेरा या लवाजम्यात शिरला तो बंदुकीच्या जोडीने. कार्ल गेओर्ग शिलिंग्स या जर्मन माणसाने जर्मन पूर्व आफ्रिकेत, म्हणजे आजच्या टांझानियाच्या भागात, रात्री प्रकाशाचा झोत उडवून सिंहांचे फोटो घेतले. त्यासाठी आमिष म्हणून जिवंत जनावर बांधलं जाई. १९०५ साली त्याचं पुस्तक निघालं. नावातच 'प्रकाशझोत आणि बंदूक' अशी जोडी होती. पुढे १९०९ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मुलाला घेऊन आफ्रिकेत गेले. बाप-लेकांनी मिळून ५१२ जनावरं मारली, तो हिशेब त्यांनी स्वतःच छापला आहे. आणि त्या मोहिमेचा छायाचित्रकार कोण? तोच मुलगा, केरमिट. एकाच माणसाच्या हातात दोन्ही हत्यारं.

आपल्याकडे वेगळी वाट काढली ती फ्रेडरिक चॅम्पियन या वन अधिकाऱ्याने, संयुक्त प्रांतात, शिवालिकच्या पायथ्याच्या जंगलांत. वाघाच्या नेहमीच्या वाटेवर तो बारीक तार ताणून ठेवायचा. वाघाचा पाय तारेला लागला की मॅग्नेशियमचा झोत उडायचा आणि फोटो निघायचा. चॅम्पियन तेव्हा तिथे नसायचाच. १९२५ साली लंडनच्या सचित्र साप्ताहिकात हे फोटो छापून आले आणि जंगलात मोकळ्या फिरणाऱ्या वाघाचं खरं रूप जगाने पाहिलं. १९२७ मध्ये त्याचं पुस्तक आलं. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि त्यावरून वाघ ओळखता येतो, हेही त्याच्या ध्यानात आलं होतं. बंदुकीचे परवाने कमी करा, राखीव जंगलात मोटारी येऊ देऊ नका, हे तो त्या काळात सांगत होता. मोटारींचं लक्षात ठेवा मंडळी, आपल्याला त्याकडे परत यायचं आहे.

जिम कॉर्बेट या चॅम्पियनचाच स्नेही. त्याच्या नादाने कॉर्बेटनेही कॅमेरा हाती घेतला. १९४७ मध्ये कॉर्बेट केनियाला गेला आणि १९५५ मध्ये तिथेच वारला.

आता येऊ नागपूरला. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रांताची, नंतर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी. कान्हा, पेंच आणि चांद्याची जंगलं, मेळघाट, सगळ्यांचा कारभार इथून चालायचा. संस्थानं गेली, साहेब गेले, तरी शिकार गेली नव्हती. फक्त गिऱ्हाईक बदललं. आता डॉलर मोजणारे परदेशी पाहुणे येऊ लागले. १९५० च्या दशकात विद्याचरण शुक्ल यांनी ऑल्विन कूपर नावाची कंपनी काढली. मुख्यमंत्री रविशंकर शुक्लांचे हे चिरंजीव, इथल्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, पुढे केंद्रात मंत्री झाले. कंपनीचं काम दोन प्रकारचं होतं, मोठ्या जनावरांच्या शिकारी आयोजित करणं आणि छायाचित्रणाच्या सफारी आयोजित करणं.

इथे आम्हाला थांबावंसं वाटतं. एकच कंपनी, तेच जंगल, तोच वाघ. पाहुण्याने ठरवायचं, बंदूक की कॅमेरा. त्या काळच्या शिकारीची पद्धत अशी होती. जंगलाचे शूटिंग ब्लॉक पाडलेले, त्यांचा परवाना काढायचा. गावातला माणूस माग काढणार, रेडकू बांधलं जाणार, मचाण बांधलं जाणार, गरज पडली तर हाका घातला जाणार. पाहुणा शेवटी येऊन मचाणावर बसणार. त्याचं काम एका बोटाचं, चाप ओढण्याचं.

आता आजची पद्धत आठवा. जंगलाचे गेट ठरलेले, त्यांचं बुकिंग करायचं. गावातला गाइड पगमार्क बघणार, चितळाचा 'कॉल' ऐकणार, जिप्सी नेमकी नेऊन उभी करणार. आपलं काम परत एका बोटाचं. आणि बाहेर आल्यावर पहिला प्रश्न, "साइटिंग झाली का?" हरणं दिसली, अस्वल दिसलं, जांभूळबनातून पहाट उगवताना दिसली, तरी वाघ नसेल तर उत्तर, "काही नाही दिसलं." हा शिकाऱ्याचा हिशेब आहे मंडळी. बंदूक खाली ठेवली, पण हिशेबाची वही तीच राहिली.

मधल्या काळात कायदा बदलला, आणि तो मोठाच बदल होता. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ च्या गणनेत देशभरात १,८२७ वाघ उरल्याचा आकडा निघाला. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ प्रकल्पांत आपला मेळघाट होता. सफारीचं माहेर असलेल्या केनियाने शिकारीवर पूर्ण बंदी घातली ती १९७७ मध्ये. 

पण वाघ वाचवण्यात कॅमेऱ्याचा खरा वाटा पर्यटकाच्या लांब लेन्सचा नाही. तो चॅम्पियनच्या तारेचा. १९९० च्या दशकात उल्हास कारंत यांनी नागरहोळेत तीच कल्पना नव्या यंत्रांनी शास्त्रीय पायावर उभी केली. झाडाला बांधलेला कॅमेरा, समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो, आणि पट्ट्यांवरून वाघाची ओळख. आधी वाघ मोजायचे ते पायांच्या ठशांवरून. सरिस्कातले सगळे वाघ संपले तरी कागदावर ते होतेच, हे २००५ च्या सुमारास उघड झालं, तेव्हा ही नवी पद्धत देशभर आणली गेली. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. जवळपास साडेतीन कोटी फोटो निघाले. त्यांत वाघाचे किती? ७६,६५१. साडेतीन कोटींत पाऊण लाख! बाकी सगळं जंगल. हा कॅमेरा "काही नाही दिसलं" असं म्हणत नाही, जे समोर आलं ते टिपतो.

आपल्या 'जय'ची गोष्ट घ्या. 'शोले'वरून नाव पडलेला हा देखणा वाघ नागझिऱ्याचा. तिथून तो निघाला आणि महामार्ग, वैनगंगा, शेतं, गावं ओलांडून २०१३ मध्ये उमरेडला पोचला. हाच तो वाघ, हे पटलं ते दोन्हीकडच्या फोटोंतले पट्टे जुळवून. जंगलं नकाशावर तुटक दिसली तरी वाघाच्या पायाखाली जोडलेली आहेत, हे त्यातून कळलं. पुढे हजारो लोकांनी त्याचे फोटो काढले. एप्रिल २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला, गळ्यात रेडिओ कॉलर असूनही. पुढच्या वर्षी त्याचा बछडा मानला जाणारा श्रीनिवास नागभीडकडे शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने मेला. बाप-लेकांच्या इतक्या फोटोंनी त्या दोघांना वाचवलं नाही.

आणि त्या कुंपणाच्या आतल्या माणसाचं काय? तोही या इतिहासात आहे. २०१८ मध्ये पांढरकवड्याच्या भागात तेरा माणसांच्या मृत्यूंशी टी-१ वाघिणीचं, म्हणजे अवनीचं नाव जोडलं गेलं. तिथल्या शेतकऱ्याला कॅमेरा ट्रॅपचा फोटो हवा होता तो एवढंच कळायला, की उद्या सकाळी कापूस वेचायला जाऊ की नको. आपल्यासाठी तो फोटो भिंतीवरचा, त्याच्यासाठी घरच्या बाईमाणसाच्या जिवाचा. ताडोबाच्या तळ्याकाठी तारूचं ठाणं आहे. वाघाशी झुंजताना मेलेला गावचा प्रमुख तिथे देव झाला, आणि त्याच्याच नावावरून जंगलाला नाव पडलं. वाघ बघायला जाणाऱ्या प्रत्येकाने आधी हे ठाणं आठवावं असं आम्हाला वाटतं.

गोरेवाड्यात २६ जानेवारी २०२१ पासून भारतीय सफारी सुरू आहे, आफ्रिकन सफारीचीही आखणी झालेली आहे. म्हणजे सफारी सगळं वर्तुळ फिरून नागपूरच्या दारात येते आहे. येऊ द्या, मुलं जिराफ बघतील. पण खऱ्या जंगलात जाल तेव्हा चॅम्पियनचं मोटारींबद्दलचं म्हणणं लक्षात ठेवा. वाघ रस्त्यावर आला तर गाइडला "अजून थोडं पुढे घ्या" असं म्हणू नका. तो गावचा पोरगा असतो, त्याची रोजी तुमच्या खुशीवर असते, त्याला नाही म्हणणं जड जातं. कारवाई झाली की पहिला तोच घरी बसतो. तुम्हीच म्हणा, "दादा, गाडी मागे घ्या, तिला जाऊ द्या." फोटो हुकेल. हुकू द्या.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर आता विचारा.