चपातीपासून फॉरवर्डपर्यंत

देवासला मी आयुष्यात एकदाच गेलो आहे. गाण्याचे वेड असलेल्या आम्हा चार गोवेकरांना माता टेकडीच्या पायथ्याचे कुमार गंधर्वांचे ‘भानुकुल’ निदान बाहेरून तरी पाहायचे होते. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेले कुमारजी क्षयाने आजारी पडल्यावर कोरड्या हवेसाठी १९४८ मध्ये देवासला गेले आणि १९९२ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. आमच्या मालपेच्या अंजनीबाई मालपेकर यांच्याकडे ते शिकले होते, म्हणून आम्हा गोवेकरांना त्यांच्याबद्दल जरा जास्तच आपुलकी. ते मूळचे माळव्याचे नव्हेत, पण माळव्याने त्यांना आपले म्हटले. आजारपणात कानावर पडलेली तिथली लोकगीते आणि दारोदार फिरणाऱ्या नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने पुढे त्यांच्या गाण्यात उतरली. आज आपण ती भजने डोळे मिटून ऐकतो. ती मुळात दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसाची आहेत, हे मात्र आपल्या लक्षात राहत नाही.

हा दारातला अनोळखी माणूसच आजच्या लेखाचा विषय आहे.

इंदूरच्या एका अंगाला देवास आणि दुसऱ्या अंगाला धार. दोन्ही मराठ्यांची, पवारांची संस्थाने. देवासला तर एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती असे दोन राजे नांदले. धार म्हटले की हल्ली लोकांना फक्त भोजशाळेचा वाद आठवतो, पण तो स्वतंत्र विषय आहे, त्यात आज शिरत नाही. धार जिल्हा विंध्य उतरून खाली नर्मदेपर्यंत जातो. त्या खालच्या मुलखाला निमाड म्हणतात. मला सांगायच्या दोन गोष्टी या निमाडातल्या आहेत. त्यांच्यात १६३ वर्षांचे अंतर आहे.

पहिली गोष्ट १८५७ ची. बंडाच्या आधी गावोगाव चपात्या फिरल्या हे आपण शाळेत शिकलो. एका गावचा चौकीदार पुढच्या गावच्या चौकीदाराला चपाती देई आणि अशाच आणखी करून पुढे पाठव म्हणून सांगे. का पाठवायच्या, कोणी सुरू केले, हे घेणाऱ्याला ठाऊक नसे आणि देणाऱ्यालाही नसे. निमाडात तेव्हा कीटिंग नावाचा इंग्रज अधिकारी होता. नर्मदेकाठच्या मंडलेश्वरला १२ जानेवारी १८५७ रोजी चपात्या वाटल्या गेल्याचे त्याने नोंदवून ठेवले आहे. त्या इंदूरच्या बाजूने आल्या होत्या. इंदुरात त्या वेळी पटकीची साथ होती, रोज माणसे मरत होती. निमाडातल्या लोकांची समजूत अशी की, चपात्यांवर मंत्र टाकले आहेत आणि त्यांच्याबरोबर रोगराई आपल्या गावातून पुढे जाते. म्हणजे चपाती पुढे ढकलली की आपले घर वाचले! उत्तरेत लोकांनी त्याच चपातीचा अर्थ वेगळा लावला आणि इंग्रज अधिकाऱ्यांना तर तिच्यात कटाचा वास आला. चपाती मुकीच होती. ज्याच्या मनात जे भय होते, ते त्याने तिच्यात वाचले.

त्याच वर्षी पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळेल या आशेने ग्वाल्हेरकडे निघाले होते. त्यांचे ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये छापले. महूच्या आसपास शिपायांकडून ऐकलेली एक हकीकत त्यांनी त्यात दिली आहे. इंग्रजांनी कलकत्त्याला राजेरजवाड्यांची सभा बोलावली आणि धर्म बुडवणारी चौऱ्याऐंशी कलमे त्यांच्यापुढे ठेवली, अशी ती हकीकत. अशी सभा कधी भरलीच नव्हती. पण गोडसे भटजी खोटे बोलणारे गृहस्थ नव्हते. भरवशाच्या माणसाकडून ऐकले, खरे मानले आणि लिहिले. खालसा झालेली संस्थाने आणि चरबीच्या काडतुसांचा संशय लोकांच्या डोळ्यांसमोर होता, त्यामुळे चौऱ्याऐंशी कलमेही सहज पटली. अफवा अशीच टिकते. तिच्या पोटात थोडे खरे भय असते आणि ती ओळखीच्या तोंडून येते.

आता दुसरी गोष्ट. ५ फेब्रुवारी २०२०. धार जिल्ह्याच्या मनावर तालुक्यातले बोरलाई गाव. उज्जैनकडच्या काही शेतकऱ्यांनी या भागातल्या मजुरांना कामासाठी आगाऊ पैसे दिले होते. मजूर काम सोडून परतले, म्हणून शेतकरी आपले पैसे मागायला गाड्या घेऊन आले. तिथे त्यांच्यावर दगडफेक झाली, ते पळाले. मग ‘मुले पळवणारे निघाले आहेत’ अशी हाकाटी उठली आणि मोबाइलवरून त्यांच्या आधी पुढच्या गावी पोचली. बोरलाईत जमावाने त्यांना गाठले. एक जण मेला आणि बाकीचे रक्तबंबाळ झाले. पोलीस होते, पण वाचवू शकले नाहीत. पुढे पोलिसांवर निलंबनाची कारवाईही झाली. मारहाणीचे चित्रण मोबाइलवर झाले आणि तेही देशभर फिरले.

या घटनेत मला सर्वांत भयंकर वाटते ते हे की, मूळ भांडण पैशाचे होते. ज्याला देणे चुकवायचे होते त्याच्यासाठी ‘मुले पळवणारे’ हे दोन शब्द तयार होते. गेली दोन-तीन वर्षे ते देशभरच्या मोबाइलवर फिरत होते. बोरलाईतल्या माणसाला ते नव्याने पटवून द्यावे लागले नाहीत. चपाती एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला रात्र लागत असे. त्या रात्री विचार करायला वेळ तरी मिळत होता. आता तो उरलेला नाही.

महाराष्ट्रात हेच आधी घडून गेले होते. १ जुलै २०१८, रविवार, आठवड्याचा बाजार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे ठरवून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारण्यात आले. ते नाथपंथी डवरी गोसावी जमातीचे, बहुतेक जण सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातले. डवर वाजवून भिक्षा मागणारी ही भटकी जमात. ज्या नाथपंथी भिक्षेकऱ्यांचे सूर देवासला आपल्या संगीताचे धन झाले, त्यांचेच हे भाऊबंद. दारात येणारा अनोळखी माणूस तोच, पण आता दार उघडणाऱ्याच्या हातात मोबाइल होता.

त्या दिवसांत फिरणारी एक चित्रफीत बहुतेकांनी पाहिली असेल. रस्त्यात खेळणाऱ्या मुलांपैकी एकाला मोटारसायकलवरचे दोघे उचलून नेतात. ती मूळची कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केलेली जाहिरात होती. शेवटी ते दोघे मुलाला परत आणतात आणि फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापून टाकला आणि उरलेला तुकडा पाठवून दिला.

आता माझी कबुली. ती चित्रफीत मीही पाठवली होती. आमच्या घरच्या ग्रुपवर आली, तशी साखळीला राहणाऱ्या धाकट्या बहिणीला पाठवली, खाली ‘मुलाला सांभाळ’ असे लिहून. काळजीपोटीच. पंधरवड्याने तिचा फोन आला. त्यांच्या वाड्यावर घाटावरून चादरी विकायला आलेल्या एका माणसाला लोकांनी अडवून ठेवले, त्याचे गाठोडे सोडून पाहिले, दोन थपडाही लगावल्या. सुदैवाने कोपऱ्यावरच्या दुकानदाराने त्याला ओळखले. दरवर्षी येणारा माणूस. सुटला. ‘दादा, तू धाडलेला तो व्हिडिओ मीच शेजारी दाखवला होता रे,’ ती म्हणाली. मी काय बोलणार?

मी सरकारी कचेरीत कारकून. आमच्याकडे साधा कागद आला तरी आवक क्रमांक पडतो, कोणाकडून आला, कोणत्या तारखेला, कोणाकडे गेला, सगळे नोंदवले जाते. सहीशिवाय कागद पुढे सरकत नाही. आणि माणसाच्या जिवावर उठणारा निरोप मी कोणाची सही न पाहता पुढे सरकवला. सही होती ती माझीच. बहिणीने तो खरा मानला, कारण तो दादाकडून आला होता.

मुले पळवणाऱ्यांच्या जागी जात किंवा धर्म घातला की हाच निरोप दंगल घडवतो. २ जून २०१४ रोजी पुण्यात हडपसरला एका मुसलमान तरुणाला जमावाने ठार मारले. शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे फेसबुकवर आली होती, म्हणून शहर तापले होते. त्या चित्रांशी या तरुणाचा काहीही संबंध नव्हता. तो कामासाठी पुण्यात राहणारा सोलापूरचा मुलगा होता. रवांडात १९९४ मध्ये एका रेडिओ केंद्राने तुत्सी लोकांना झुरळे म्हणून म्हणून शेजाऱ्यांच्या हातात कोयते दिले. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्धच्या हिंसेला आपल्या माध्यमावरून चिथावणी मिळाली आणि ती रोखायला आपण पुरेसे केले नाही, हे फेसबुकने स्वतः २०१८ मध्ये मान्य केले. तिथेही लोकांना अगोदर शिकवले गेले होते की हा शेजारी मुळात बाहेरचा.

उपाय झाले नाहीत असे नाही. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेविरुद्ध प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधिकारी नेमण्याचे आदेश दिले. नव्या भारतीय न्याय संहितेत जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनासाठी स्वतंत्र तरतूद आहे. ती लागू झाली १ जुलै २०२४ रोजी. राईनपाड्याचीही तारीख १ जुलै. निव्वळ योगायोग, पण मला तो विसरता येत नाही.

बोरलाईत आणि राईनपाड्यात मात्र उणीव होती ती साखळीच्या त्या दुकानदाराची. ‘थांबा, मी ह्याला ओळखतो’ किंवा ‘आधी विचारू तरी’ असे म्हणणारा एक जण. ज्याला गावात ओळखणारे कोणी नाही, अफवा त्यालाच गाठते.

आपण गोवेकर म्हणू, इथे असे होत नाही. १९८६ च्या भाषावादाच्या वेळी मी लहान होतो. मोबाइल नव्हते. तरी अमक्या गावात काय झाले याच्या बातम्या पिकअपमधून, तारवटीवरून गावोगाव पोचत आणि कालपर्यंत एकमेकांच्या लग्नाला जाणारी माणसे एकमेकांना टाळत. त्या वादात माणसे मेली. आजही आपल्या बोलण्यात ‘घाटी’ आणि ‘भायले’ हे शब्द किती सहज येतात! ते शब्द आधीपासून तयार आहेत. एखादी कापलेली चित्रफीत त्यांना येऊन चिकटायचा तेवढा अवकाश.

हल्ली मी काही पाठवण्याआधी आवक-जावकची वही आठवतो. कोणाकडून आला, त्याने स्वतः पाहिले का, आणि चुकीचे निघाले तर मार कोण खाणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा एकच असते. दारात आलेला, आपण ज्याचे नावही विचारलेले नाही असा माणूस.

चादरीवाला पुढच्या वर्षी बहिणीच्या वाड्यावर आला नाही. त्यानंतरही आलेला नाही.